ड्राफ्टमध्ये निवडलेला कॉर्नरबॅक जोखायचा कसा? नव्या प्रेक्षकांसाठी पायरी-पायरीने

27 एप्रिल 2023. कॅन्सस सिटीत एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट चालू होता. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात. सोळाव्या क्रमांकावर वॉशिंग्टन कमांडर्सनी मिसिसिपी स्टेटचा इमॅन्युएल फोर्ब्स उचलला आणि लगोलग सतराव्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी ऑरेगनचा ख्रिश्चन गोन्झालेझ. दोघेही कॉर्नरबॅक. मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घरी सोफ्यावर, शेजारी ऑफिसातला एक मित्र. मी छातीठोकपणे सांगितलं, सोळावा जास्त गाजणार. कारण साधं होतं. फोर्ब्सने कॉलेजात 14 इंटरसेप्शन केले होते, म्हणजे विरोधकांचे पास मधेच पकडले होते, आणि त्यातले सहा थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गुण मिळतात त्या टोकापर्यंत, पळवले होते, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवरचा विक्रमच. मला आणखी काय हवं होतं? ओक ट्री रोडवरच्या थाळीची पैज लागली.

थाळीचे पैसे मी दिले. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये कुणी नवा कॉर्नरबॅक निवडला गेला की मी ठरावीक क्रमाने त्याच्याकडे बघतो. तो क्रम इथे देतोय. अमेरिकेत नुकतेच आलेले, किंवा पुण्या-मुंबईत बसून हा खेळ नव्याने बघायला लागलेले लोक डोळ्यांसमोर आहेत. ड्राफ्टची पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, तेव्हा हौस मोठी असेल तरच.

पायरी 1: हा माणूस मैदानात नेमकं करतो काय?

अकरा जणांच्या बचावात कॉर्नरबॅक कडेला उभा असतो आणि पास झेलायला पळणाऱ्या समोरच्या वाइड रिसीव्हरला तो मिळू न देणं हे त्याचं मुख्य काम. कबड्डीतही कॉर्नर असतो, पण तिथे कॉर्नरच्या पाठीशी अख्खी साखळी उभी असते. इथला कॉर्नर पुष्कळदा एकटा. शिवाय रिसीव्हरला आधीच माहीत असतं की आपण किती पळणार, कुठे वळणार. कॉर्नरला ते माहीत नसतं. तो उलटा, मागे पळत सुरुवात करतो आणि समोरच्याच्या हालचालीवरून अंदाज बांधतो. हे लक्षात आलं की या जागेवरच्या पोरांना एवढा पैसा का मिळतो तेही कळतं. 2025 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सच्या डेरेक स्टिंगली ज्युनियरने तीन वर्षांसाठी 9 कोटी डॉलर्सचा करार केला.

कामाचे ढोबळ दोन प्रकार. मॅन कव्हरेजमध्ये तुमचा माणूस ठरलेला, तो जाईल तिथे जायचं. झोनमध्ये मैदानाचा तुकडा वाटून दिलेला, त्यात जो येईल तो तुमचा, आणि नजर बरीचशी पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर. उभं राहण्याच्याही दोन तऱ्हा: अगदी रिसीव्हरच्या तोंडासमोर उभं राहून त्याला हाताने अडवायचं ती प्रेस, आणि सात-आठ यार्ड मागे उभं राहायचं ती ऑफ. कॉलेजातल्या पोराने यातलं काय जास्त केलंय, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडायचा नाही. वहीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवा.

आणखी एक जागा म्हणजे स्लॉट किंवा निकेल, आतल्या बाजूचा कॉर्नर. तिथे कडेच्या रेषेचा आधार नाही, रिसीव्हर दोन्ही दिशांना वळू शकतो आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या बॅकला पाडायचं कामही अंगावर येतं. अनेक नवखे प्रेक्षक त्याला दुय्यम समजतात. तो समज आता जुना झालाय.

पायरी 2: क्रमांक बघा, पण त्याला डोक्यावर घेऊ नका

सात फेऱ्या, बत्तीस संघ, अडीचशेहून जास्त निवडी. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला चार वर्षांचा करार मिळतो, आणि पाचवं वर्ष वाढवायचं की नाही हा हक्क संघाकडे राहतो. क्रमांक म्हणजे संघाने किती किंमत मोजली, एवढंच. तो खेळाडूची लायकी सांगत नाही. 2020 मध्ये डेट्रॉइट लायन्सनी ओहायो स्टेटचा जेफ ओकुडा तिसऱ्या क्रमांकावर घेतला आणि तीन वर्षांनी पाचव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात अटलांटाला देऊन टाकला. उलट रिचर्ड शर्मन 2011 मध्ये 154व्या क्रमांकापर्यंत कुणी घेतला नव्हता. सिअॅटलने घेतला आणि पुढची काही वर्षं त्याच्या बाजूला पास टाकायला क्वार्टरबॅक कचरत.

मात्र किंमत बघताना एक गोष्ट तपासा: संघ त्या जागेपर्यंत वर चढला का? 2022 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी पेट्रियट्सशी सौदा केला, 29 वरून 21 वर आले आणि ट्रेंट मॅकडफीला घेतलं. कुणी स्वतःच्या इतर निवडी देऊन वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यात त्या पोरासाठी एखादं ठरलेलं काम असतं. ते काम कोणतं, ते पुढे सातव्या पायरीला येईल.

पायरी 3: मोजमापं, आणि त्यातलं काय सोडून द्यायचं

दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसमध्ये कम्बाइन भरतं. तिथे पोरांची उंची, वजन, हाताची लांबी मोजतात, पळवतात, उड्या मारायला लावतात. गाजतो तो 40 यार्डांचा स्प्रिंट, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. कॉर्नरसाठी 4.4 च्या आसपासचा वेळ उत्तम, 4.5 च्या पुढे गेला की लोक कुरकुरायला लागतात.

माझं मत विचाराल तर वेळ एकट्याने वाचू नये, वजनाशेजारी ठेवून वाचावा. आता माझ्या पैजेची गोष्ट बघा. फोर्ब्स पळाला 4.35 सेकंदांत, गोन्झालेझ 4.38. जवळजवळ सारखेच. पण फोर्ब्सचं वजन भरलं 166 पौंड, म्हणजे 75 किलो. गोन्झालेझचं 197, म्हणजे 89 किलो. चौदा किलो जास्त घेऊन तो तेवढाच वेगात पळत होता, वर साडेएक्केचाळीस इंच उंच उडीही मारली होती. हे दोन्ही आकडे माझ्यासमोर स्क्रीनवर होते. मी फक्त सहा टचडाउन बघत बसलो.

हाताची लांबी प्रेस खेळणाऱ्यासाठी महत्त्वाची, कारण हात आधी पोचला तर समोरच्याची चाल बिघडते आणि हवेतल्या चेंडूलाही बोट लागतं. न्यूयॉर्क जेट्सनी 2022 मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेल्या अहमद 'सॉस' गार्डनरचे हात साडेतेहेतीस इंचांचे होते. प्रशिक्षक पीट कॅरलच्या काळात सिअॅटलवाले बत्तीस इंचांखालच्या हाताकडे सहसा बघत नसत, असं सर्रास बोललं जायचं. आणि मॅकडफीचे हात? तीस इंचसुद्धा नाहीत, 29.75. तरीही तो 2023 मध्ये ऑल-प्रो संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, बसला. त्यामुळे मोजमाप म्हणजे चाळणी समजा. त्यातून गळून पडलेल्याकडेही एकदा नजर टाकावीच लागते, विशेषतः त्याला लांब हात लागणारं काम करायचंच नसेल तर.

उभी उडी, लांब उडी, शंकूंभोवतीचं पळणं यांत मी फार वेळ घालवत नाही. पहिल्या दहा यार्डांचा वेळ मिळाला तर तेवढा टिपून ठेवा. कॉर्नरचं बरंचसं आयुष्य त्या दहा यार्डांतच जातं.

पायरी 4: पाय आणि कंबर बघा

इथे वेळ द्या. बाकी सगळ्या पायऱ्या मिळून जेवढा वेळ लागेल तेवढा या एका पायरीला.

पहिली अडचण अशी की टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडू उचलल्यावर दोन सेकंदांत तुमचा कॉर्नर चौकटीबाहेर जातो. एनएफएलचे सामने सगळे बावीस खेळाडू दिसतील अशा कोनातून बघायला मिळतात, एनएफएल प्लस या लीगच्या स्ट्रीमिंग सेवेच्या वरच्या वर्गणीत ती सोय आहे. कॉलेजच्या सामन्यांसाठी सामान्य प्रेक्षकाला तसा कोन सहसा मिळत नाही. मग रिप्ले थांबवून-थांबवून बघायचे. यूट्यूबवर एकेका खेळाडूच्या एका सामन्यातल्या सगळ्या खेळी जोडलेल्या चित्रफिती असतात, त्या शोधायच्या. फक्त 'हायलाइट्स' लिहिलेल्या नाहीत. हायलाइट्स म्हणजे लग्नाचा अल्बम. त्यात रुसलेले काका दिसत नाहीत.

तीन सामने निवडा. एक असा, ज्यात समोर पुढे एनएफएलमध्ये गेलेला रिसीव्हर होता. एक असा, ज्यात याच्या संघाची धूळधाण उडाली. गोन्झालेझसाठी सप्टेंबर 2022 मधला ऑरेगन विरुद्ध जॉर्जिया बघा, 49-3 असा मार खाल्लेला. हरणाऱ्या सामन्यात पोरगा टॅकल करायला, म्हणजे चेंडूवाल्याला पाडायला, धावतो की चालत जातो, हे खूप काही सांगून जातं. तिसरा सामना हंगामाच्या शेवटचा, अंग दुखत असतानाचा.

आता प्रत्येक खेळी चार वेळा. हो, चार वेळा; सुरुवातीला कंटाळा येतो.

पहिल्या वेळी फक्त पाय. चेंडू हलल्यावर तो मागे सरकतो त्याला बॅकपेडल म्हणतात. चढाईपटू आत शिरल्यावर बचावपटू कसे गुडघ्यात वाकून, तोंड समोर ठेवून मागे हटतात, ते आठवा. वजन पंज्यांवर आहे का? ढेंगा छोट्या आहेत का? टाचेवर गेलेला माणूस वळायला अर्धा क्षण उशीर करतो, आणि या खेळात अर्धा क्षण म्हणजे दोन यार्ड.

दुसऱ्या वेळी कंबर. रिसीव्हर शेजारून निसटायला लागला की कॉर्नरला मागे पळणं सोडून, अंग वळवून त्याच्याबरोबर पुढे पळायचं असतं. हे वळण पाणी वाहावं तसं झालं पाहिजे. कंबर ताठ असेल तर तो आधी उभा राहतो, मग वळतो, मग पळतो, आणि तोवर समोरचा गेलेला असतो. खो-खोत पळणारा हुलकावणी देतो आणि मारणारा उलट्या पायावर सापडतो तसं. सतत उजवीकडेच वळायला सोपं जातं का तेही बघा; पुष्कळ पोरांची एक बाजू कच्ची असते.

तिसऱ्या वेळी हात आणि डोळे. प्रेस खेळताना तो हात रिसीव्हरच्या छातीवर ठेवतो की हवेत झटकतो? हात चुकला तर पाय सावरतात का? पास हवेत असताना मान वळवून चेंडू शोधतो का, की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत त्याच्या अंगावर जातो? कॉलेजात दुसऱ्या सवयीवर निभावतं. वर, म्हणजे एनएफएलमध्ये, आल्यावर पंचांचा पिवळा रुमाल पडतो, म्हणजे पेनल्टी.

चौथ्या वेळी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, त्या खेळी बघा ज्यांत चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. रिसीव्हरला चिकटलेला होता म्हणून क्वार्टरबॅकने दुसरीकडे टाकला, की रिसीव्हर मोकळा होता पण क्वार्टरबॅकला दिसला नाही? आकड्यांतली नोंद दोन्हींची एकच: काहीही नाही. एक रकाना करा, 'चिकटून' आणि 'सुटलेला'. साठ-सत्तर खेळी झाल्या की त्या रकान्यातून माणूस उभा राहतो.

फोर्ब्सबद्दल मला हे नंतर कळलं. मिसिसिपी स्टेटमध्ये तो पुष्कळदा मागे उभा राहून, क्वार्टरबॅकचे डोळे वाचत झेप घ्यायचा. त्यात तो खरोखर पटाईत होता, ते सहा टचडाउन काही नशिबाचे नव्हते. पण धिप्पाड रिसीव्हरच्या अंगाला अंग लावून सबंध खेळी काढायची वेळ त्यावर आली तेव्हा काय होतं, हे पाहायला मी कधी बसलोच नाही.

पायरी 5: आकडे, उशिराच बघितलेले बरे

इंटरसेप्शनचा आकडा फसवा का? क्रिकेटमध्ये ज्या क्षेत्ररक्षकाकडे फलंदाज चेंडू मारायचंच टाळतात त्याच्या नावावर झेल कुठून येणार? गार्डनरच्या बाजूला, सिनसिनाटीच्या कॉलेजकडून खेळताना, एकही टचडाउन झाला नाही, अशी त्याची ख्याती होती. जेट्सकडून पहिल्या वर्षी त्याचे इंटरसेप्शन फक्त दोन, पण हाताने उडवलेले पास 20. वर्षातला सर्वोत्तम नवोदित बचावपटू तोच ठरला. पहिल्याच वर्षी ऑल-प्रोच्या पहिल्या संघात जागा मिळवणारा कॉर्नर 1981 च्या रॉनी लॉटनंतर तोच.

स्टिंगलीचं उदाहरण आणखी मजेदार आहे. 2019 मध्ये एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट) पहिल्याच वर्षी सहा इंटरसेप्शन, संघ राष्ट्रीय विजेता, आणि सरावात रोज समोर जमार चेस आणि जस्टिन जेफरसन. पुढच्या दोन वर्षांत शून्य. पायाच्या दुखापतीने शेवटचं वर्ष तीन सामन्यांत आटोपलं. टेक्सन्सनी त्याला गार्डनरच्याही आधी, तिसऱ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा खूप नाकं मुरडली गेली. त्यांनी बहुधा त्याचे पाय बघितले होते. 2024 मध्ये तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता.

इंटरसेप्शनऐवजी काय बघायचं? किती खेळींत त्याच्याकडे पास टाकला गेला, त्यातले किती पूर्ण झाले, त्याने किती उडवले, आणि किती पेनल्टी झाल्या. त्याच्याकडे पास टाकताना क्वार्टरबॅकचं रेटिंग, म्हणजे ते पास किती यशस्वी ठरले याचा गुणांक, किती होतं हा आकडाही सांगतात. तो वाचताना एक गंमत ध्यानात ठेवा: या मोजणीत प्रत्येक पास जमिनीवर आपटला तरी 39.6 मिळतात आणि कमाल 158.3. म्हणजे चाळिशीतला आकडा शाळेतल्या गुणांसारखा नापास नव्हे, कॉर्नरसाठी तो फार म्हणजे फार चांगला. शिवाय पास नेमका कुणाच्या जबाबदारीत पूर्ण झाला हे झोनमध्ये मोजणारा माणूस अंदाजाने ठरवतो. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर गोंधळू नका.

पायरी 6: कॉलेजचं मैदान वेगळं, कायदाही वेगळा

हे बहुतेक नवखे विसरतात, आणि मीही विसरलो होतो.

कॉलेजात पास हवेत नसताना रिसीव्हरला पुढेपर्यंत ढकलत राहणं बरंच चालतं. एनएफएलमध्ये पाच यार्डांपलीकडे हात लावला की पाच यार्ड आणि वर नवीन फर्स्ट डाउन, म्हणजे हल्ला करणाऱ्यांना पुन्हा नव्याने चार संधी. पास हवेत असताना धसमुसळेपणा केला तर कॉलेजात शिक्षा जास्तीत जास्त 15 यार्ड; एनएफएलमध्ये जिथे गुन्हा तिथे चेंडू. चाळीस यार्ड लांबच्या पासवर कुणी बाही ओढली तर चाळीस यार्ड गेले. म्हणून चौथ्या पायरीत पकडापकडी करणारा पोरगा दिसला की मी बाजूला खूण करतो: 'वर महाग पडेल'.

उलट एक गोष्ट कॉर्नरच्या फायद्याची आहे. कॉलेजात झेल घेताना रिसीव्हरचा एक पाय मैदानात असला तरी पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. कडेची रेषा वापरून समोरच्याला बाहेर रेटत नेणारा कॉर्नर वर आल्यावर आणखी उपयोगी ठरतो.

आणि मैदानातल्या त्या आखूड रेघा, हॅश मार्क. कॉलेजात त्या एकमेकींपासून 40 फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. कॉलेजात चेंडू एका बाजूला ठेवला की दुसरी बाजू प्रचंड रुंद होते. बरेच प्रशिक्षक एका कॉर्नरला कायम रुंद बाजूला, दुसऱ्याला अरुंद बाजूला लावतात. तुमचा पोरगा चार वर्षं अरुंद बाजूलाच होता का, ते बघून घ्या. तिथे रेषा ही त्याची मदतनीस होती.

विरोधक कोण होते हाही याच पायरीतला प्रश्न. क्विन्यॉन मिचेल ओहायोतल्या टोलिडोकडून खेळायचा, मोठ्या कॉन्फरन्सबाहेर, म्हणजे नावाजलेल्या कॉलेजांच्या गटांबाहेर. 2022 मध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध एकाच सामन्यात त्याने चार इंटरसेप्शन केले, दोन टचडाउनसकट, तरी लोक म्हणत, अहो पण समोर कोण होतं? तो खेळायचाही बराचसा मागे उभा राहून. शंका रास्त होती. अशा वेळी जानेवारी-फेब्रुवारीतला अलाबामातला सीनियर बोल बघायचा, म्हणजे ड्राफ्टला निघालेल्या पोरांचा प्रदर्शनी सामना; पण सामना नव्हे, त्याआधीचा आठवडाभराचा सराव. तिथे रिसीव्हर आणि कॉर्नर समोरासमोर, बाकी मैदान रिकामं, लपायला जागा नाही. 2024 मध्ये मिचेलने मोठ्या कॉलेजांच्या रिसीव्हरना तोंडासमोर उभं राहून अडवलं आणि शंका बऱ्याच निवळल्या. फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला 22व्या क्रमांकावर घेतलं.

पायरी 7: कुणाच्या घरात पडला?

पोरगा तोच, पण सासर कोणतं यावर पुष्कळ ठरतं. संघाचा बचाव प्रशिक्षक मॅन जास्त खेळवतो की झोन, ब्लिट्झ किती करतो (म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडतो), कॉर्नरला एकटं किती सोडतो, हे बघा. मॅकडफीच्या तोकड्या हातांची चीफ्सना चिंता नव्हती, कारण त्यांचा बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्न्यूओलोला आत-बाहेर कुठेही लावता येईल आणि स्लॉटमधून क्वार्टरबॅकवर सोडता येईल असा हुशार, चपळ माणूस हवा होता. सुरुवातीच्या दोन वर्षांत दोन सुपर बोल, म्हणजे लीगची दोन विजेतेपदं. मग 2024 मध्ये चीफ्सचा दुसरा कॉर्नर एल'जेरियस स्नीड टेनेसीला गेला आणि मॅकडफी बाहेरच्या जागेवर भक्कम उभा राहिला.

ओकुडाचं उलटं. त्याला घेणारा प्रशिक्षक मॅट पट्रिशिया त्याच नोव्हेंबरमध्ये घरी गेला, पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात ओकुडाचा अकिलीस टेंडन तुटला. या दोन्ही गोष्टी कुठल्याच चित्रफितीत दिसल्या नसत्या. म्हणून प्रशिक्षकाची खुर्ची किती डळमळीत आहे तेही नोंदवा.

पायरी 8: टॅकल आणि दुखापती

थोडक्यात सांगतो. टॅकल करताना तो खांदा लावतो की अंगावरची माशी झटकावी तसा हात? मैदानाच्या दुसऱ्या बाजूला खेळ चालू असताना कोन धरून धावतो का? दुखापतीत हाड मोडलेलं सहसा बरं, स्नायू पुन्हा-पुन्हा दुखावलेला वाईट. आयोवाचा कूपर डीजीन नोव्हेंबर 2023 मध्ये पाय मोडून बसला, कम्बाइनमध्ये पळाला नाही, 40 क्रमांकापर्यंत घसरला. ईगल्सनी मिचेलपाठोपाठ त्यालाही घेतलं आणि निकेलला लावलं. 9 फेब्रुवारी 2025 ला, ऐन बावीसाव्या वाढदिवशी, त्याने सुपर बोलमध्ये पॅट्रिक महोम्सचा पास पकडून टचडाउन केला. मिचेलच्या नावावर त्या नियमित हंगामात एकही इंटरसेप्शन नव्हता. आणि तो वर्षभर अव्वल नवोदितांत गणला जात होता. पाचवी पायरी पुन्हा वाचा.

पायरी 9: पहिल्या वर्षी काय टिपायचं?

सामने आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. पूर्ण सामना बघायची गरज नाही. सोमवारी त्याच्या खेळी बघा आणि चार गोष्टी लिहा: किती खेळी मैदानात होता, समोर कोण होतं, पेनल्टी किती, आणि मार खाल्ल्यानंतरच्या पुढच्याच खेळीत तो कसा उभा राहिला.

1 ऑक्टोबर 2023 ची माझ्या वहीतली पानं अजून आहेत. त्या दिवशी ईगल्सचा रिसीव्हर ए. जे. ब्राउन याने वॉशिंग्टनविरुद्ध नऊ झेलांत 175 यार्ड आणि दोन टचडाउन केले, बरेचसे फोर्ब्ससमोर. ब्राउन 226 पौंडांचा, म्हणजे फोर्ब्सपेक्षा जवळजवळ सत्तावीस किलो भारी. चार दिवसांनी शिकागोच्या डी. जे. मूरने त्याच संघाविरुद्ध 230 यार्ड कुटले आणि फोर्ब्सला त्या सामन्यात बाकावर बसवलं. त्याच 1 ऑक्टोबरला डॅलसविरुद्ध गोन्झालेझचा खांदा गेला आणि त्याचा हंगाम चार सामन्यांत संपला. त्या संध्याकाळी माझ्या मित्रालाही पैजेची खात्री उरली नव्हती. फरक एवढाच होता की पहिल्या चार सामन्यांत गोन्झालेझ काय करतो ते दिसलं होतं, आणि पहिल्या सामन्यात त्याच्या संघासमोरही तोच ब्राउन होता.

पुढच्या वर्षी गोन्झालेझ ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात आला. वॉशिंग्टनमध्ये दरम्यान मुख्य प्रशिक्षक बदलला, आणि नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस फोर्ब्सला सोडून दिलं. लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याला उचललं. तिथे नजर क्वार्टरबॅककडे ठेवून खेळायला जास्त वाव आहे, आणि 2025 च्या हंगामात तो तिथे बराच मैदानात दिसला. त्याच्या रकान्यातली 'चिकटून' ची बाजू मी पुन्हा भरायला घेतली आहे. मित्र म्हणतो, नवी पैज लाव. आधी तीन सामने तरी बघू दे, म्हटलं.